जलपर्णीखालचं पाणी

रोज सकाळी सहाला कैलास सोनावणे धरणाच्या भिंतीवरची मोजपट्टी काथ्याने घासायचे. शेवाळ निघालं की लाट विसावेपर्यंत थांबायचे, आणि मगच पातळी वाचायचे. सव्वीस वर्षं हेच.

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथच्या कार्यालयात उपग्रहाचे फोटो येऊ लागले. उल्हास खोऱ्यातल्या प्रत्येक जलाशयात पाण्याचा पसारा किती आणि त्यावरून साठा किती, हे हिमानी नावाची तरुण अभियंता काढायची. कैलासदादांची पातळी आता फक्त पडताळ्यापुरती उरली.

गेल्या जुलैत दोन्हींत भलताच फरक पडला. फोटोप्रमाणे धरण साठ टक्के, पट्टीप्रमाणे नव्वदच्या वर.

"दादा, पट्टी वाकली असेल," हिमानी फोनवर म्हणाली. "साहेबांनी फोटोचाच आकडा धरलाय. दरवाजे बंद राहणार."

"पट्टी नाय वाकली, मॅडम. पाठ वाकली माझी. फोटोत वरच्या अंगाला हिरवं दिसतंय ना?"

"हो, जमीन उघडी पडलीय तिथे. गवत आहे."

"गवत कुठलं! जलपर्णी आहे ती. खाली पाणीच पाणी."

"नुसत्या शब्दावर साहेब ऐकणार नाहीत, दादा."

दोन दिवसांनी अतिवृष्टीचा इशारा होता. भरलेलं धरण ऐन पुरात सोडावं लागलं असतं, तर बदलापुरात मांजर्लीचे तळमजले बुडाले असते. कैलासदादांची धाकटी बहीण अंजनी तिथल्याच एका तळमजल्यावर राहायची.

कैलासदादा बांबू घेऊन जलपर्णीत उतरले. कुठे कमरेएवढं पाणी, कुठे छातीएवढं. नऊ ठिकाणी बांबू तळाला टेकवून वर काढला, ओल्या खुणेचा फोटो पाठवला. पाय चिरला होता, तिकडे लक्ष गेलं नाही.

हिमानीने त्या नऊ जागा नकाशावर बसवल्या आणि हिरवा भाग पाण्यात धरला. साठा ब्याण्णव टक्के निघाला. त्याच दुपारी दरवाजे थोडे थोडे उघडले. पाऊस आला तेव्हा धरणात जागा होती. मांजर्लीत नदी अंजनीच्या सोसायटीच्या पायरीपर्यंत चढली आणि तिथून ओसरली.

कैलासदादांना तोवर ताप भरला होता. घाण पाण्यातून जखमेवाटे आला, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी ते गेले.

आदल्या संध्याकाळी अंजनी घरून तांदूळ घेऊन खरवईला त्यांच्याकडे आली होती.

"कोरडा राहिला का गं?" त्यांनी विचारलं.

"डबा जागचा हलला नाय, दादा."

"मग त्याचीच पेज टाक. मीठ बेतानं घाल."