बोटावरची शाई

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका बाईच्या ठेल्यावर मी रोज सकाळी तर्री-पोहे खायचो. तिचं नाव कधी विचारलं नाही. मी निवृत्त प्राध्यापक, म्हणून ती मला सर म्हणायची. पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा ओतताना ती नेहमी डाव्या हाताने पदर सावरायची आणि माझं बोलणं रंगलं की तिच्या हातातला डाव मध्येच थांबायचा.

तिथेच पोहे खाता खाता मी मित्रांना सांगायचो, "आता अमेरिकेचे दिवस संपले, पुढचं शतक चीनचं. जगाचे निर्णय भलतीकडेच होतात. आपल्या मताला कोण विचारतो? सगळे पक्ष सारखेच."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तिने प्लेट पुढे केली आणि माझ्या बोटाकडे पाहतच राहिली.

"सर, तुम्ही मत देऊन आले?"

"हो, काल सकाळीच."

"मंग आमाले काहून सांगत होते, काही होत नाही म्हणून? मी म्हटलं, सर शिकलेले आहेत, त्याहिले समजते. आमच्या घरचे चौघंही गेलो नाही. माही सासू जातो म्हणे, तिलेही मीच थांबवलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं. निराशा मी फक्त बोलायचो. ती खरी मानून घरी बसली होती.

तिने न मागता आणखी तर्री वाढली आणि मी मान खाली घालून खात राहिलो.