पाना कुणाचा होता

पासवर स्वच्छ लिहिलं होतं की छत्री, डबा आणि पाण्याची बाटली आणू नये. त्यामुळे अर्थातच पुणेकरांनी तिन्ही गोष्टी आणल्या होत्या. गेटवर एक बाई जवानाला सांगत होत्या, "अहो, साबुदाण्याची खिचडी आहे, बॉम्ब नाही. हवी तर खाऊन बघा." जवान बिचारा हसावं की रागवावं या पेचात. बाबा रांगेत माझ्यापुढे ताठ उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण गणवेशातली माणसं दिसली की पाठीचा कणा आपोआप सरळ होतो त्यांचा.

हवाई दलाच्या कसरती बघायला मी त्यांना घेऊन आले होते, कारण जाहिरातीत जुनी युद्धविमानं येणार असं लिहिलं होतं आणि त्यात डाकोटाचं नाव होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासोबत काम करणाऱ्या एकीच्या मागे लागून मी तीन पास मिळवले. दोन आमचे, एक मामांचा.

बाबा तरुणपणी हवाई दलात होते. वैमानिक नव्हेत. शाळेत हे सांगताना माझा आवाज जरा खाली यायचा. ते डाकोटाच्या इंजिनांवर काम करणारे फिटर. डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचं, पोट सुटलेलं, महायुद्धातलं विमान. माणसं, पोती, दारूगोळा, काय वाट्टेल ते वाहायचं. मामा तिथलेच दुसरे फिटर. नात्याने मामा नव्हेत. आईला भाऊ नव्हता, आणि क्वार्टर्समध्ये शेजारी राहणाऱ्या या माणसाला तिने एका भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळलं. तेव्हापासून ते तिचे भाऊ आणि माझे मामा. पुढे ते सदाशिव पेठेत राहायला आले आणि आम्ही कर्वेनगरात, पण भाऊबीज कधी चुकली नाही. आई गेली त्याच्या आदल्या दिवाळीतसुद्धा तिने खुर्चीत बसूनच का होईना, ओवाळलं.

बाबांची नोकरी मात्र मामांसारखी बहरली नाही, आणि त्याचं कारण आमच्या घरात रोजच्या आमटीइतकं परिचयाचं होतं.

हँगरमध्ये एक फळी असायची. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. पाना उचलला की त्याच्या आकृतीवर आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला अडकवायचा, पाना परत ठेवला की बिल्ला काढून घ्यायचा. म्हणजे कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते एका नजरेत कळतं. प्रत्येकाला पाच बिल्ले. एकदा डाकोटात माणसं बसलेली, विमान धावपट्टीच्या तोंडाशी, आणि शेवटच्या मोजणीत फळीवर एक बिल्ला लटकलेला दिसला. बिल्ला बाबांचा. विमान थांबवलं, माणसं उतरवली, इंजिन उघडलं, तर आत पाना. तसंच उडालं असतं तर काय झालं असतं हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. बाबांनी चूक कबूल केली. बढती गेली ती गेलीच. करार संपल्यावर ते पुण्याला आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागले.

ही गोष्ट आईच्या मनात कायमची रुतली. बढती गेल्याचं दुःख तिने वर्षभरात गिळलं असेल. पण आपल्या नवऱ्याच्या निष्काळजीपणाने वीस-पंचवीस माणसं मेली असती, हे ती कधी विसरली नाही. बाबांनी घराला लावलेलं कुलूप ती स्वतः ओढून बघायची. गॅस त्यांनी बंद केला तरी उठून जायची. मला दवाखान्यात न्यायचं तर रिपोर्ट स्वतःच्या पिशवीत. आणि वर मामांचा दाखला: "भाऊंकडून शिका जरा." बाबा ऐकून घ्यायचे. मी त्यांचीच मुलगी, मी तरी मागे कशी राहीन! माझं लग्न मोडायला आलं तेव्हा त्यांनी काहीतरी समजुतीचं सांगायला तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, "तुम्ही नका सांगू बाबा. तुम्हाला एक पाना सांभाळता आला नाही."

ते वाक्य मी विसरलेले नाही. खरं सांगायचं तर पास त्यासाठीच मिळवले होते. त्यांना त्यांचं विमान एकदा हाताने चाचपू द्यावं आणि म्हणावं, झालं गेलं, बाबा, मी माफ केलंय. केवढं मोठं मन माझं!

मामा आधीच येऊन बसले होते. ब्लेझर, छातीवर पदकं, मिशीला तेल. बाबांना बघताच त्यांनी आरोळी ठोकली आणि शेजारच्या खुर्चीवरचा स्वतःचा रुमाल उचलला. मग लढाऊ विमानं कानाचे पडदे फाडत गेली, लोकांनी मोबाईल वर केले, निवेदक हिंदी-इंग्रजीत भारावून गेला. एक पिवळं शिकाऊ विमान पतंगासारखं हळूहळू आलं आणि पोरांनी त्याची थट्टा केली. बाबा आणि मामा मात्र त्या एकट्यालाच उभं राहून टाळ्या वाजवत होते.

डाकोटा उतरली. इंजिनं बंद होईपर्यंत बाबा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. "डावं जरा उशिरा थांबलं," मामा म्हणाले. "पूर्वीपासून," बाबा म्हणाले. दोघं हसले. मला भरून आलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जे झालं त्याच्या दहा मिनिटं आधी मी त्या दोघांवर मनापासून प्रेम करत होते.

विमान जवळून बघायला सोडलं तेव्हा ते दोघं पुढे गेले आणि मी चहा आणायला. तीन कागदी पेले सांभाळत परत आले तर पंखाखाली पंधरा-वीस माणसांचा घोळका. मधोमध मामा. मामांना श्रोते मिळाले की काय विचारता! एक तरुण जवान, दोन-चार कॉलेजातली मुलं, शाळेचे एक सर. मी घोळक्याच्या मागे थांबले.

"माझे पाचही बिल्ले अडकलेले," मामा सांगत होते. "आता सहावा पाना कसा घ्यायचा? नियमात बसत नव्हतं, पण आम्ही सगळे करायचो, शेजाऱ्याचा बिल्ला उचलायचा. मी याचा उचलला. आणि पाना विसरलो तो या इथे, आत!" त्यांनी इंजिनाकडे बोट केलं. "साहेबांनी विचारलं, किसका है? माझी वाचा बसली. दोन महिन्यांवर माझी बढतीची परीक्षा. आणि हा पठ्ठ्या एक पाऊल पुढे आला. म्हणाला, सर, मेरा है! असा दोस्त मिळतो का आज? बोला!"

जवानाने बाबांना सॅल्यूट ठोकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाबा हसत होते, मान खाली घालून, लाजल्यासारखे, एखाद्याचं कौतुक चाललं की तो जसा हसतो तसे.

चहा हातावर सांडला तेव्हा कुणीतरी "अहो, भाजेल" म्हणालं आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं हसू थांबलं. मामांचं थांबलं नाही. "अगं ये की! तुला सांगितलं नव्हतं ना यानं? ताई होती तोवर मला तोंड उघडू दिलं नाही. आता काय, ताईच राहिली नाही." हे त्यांनी अगदी मोकळ्या मनाने म्हटलं. इतकी वर्षं त्यांना हे सांगून टाकायचं होतं, आणि माझ्या आईच्या मरणाने त्यांची सोय झाली होती.

मी म्हटलं, "मामा, तिने तुम्हाला चाळीसेक वेळा ओवाळलं असेल."

"हो तर," ते म्हणाले. "माउली होती."

मी पेले तिथेच गवतावर ठेवले आणि बाबांना म्हटलं, चला.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, सोफ्यावर बसले. मी उभीच राहिले.

"का सांगितलं नाहीत?"

"तिचा एकच भाऊ होता गं. तोही मानलेला," बाबा म्हणाले. "तिला कळलं असतं तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. तिचा भाऊ गेला असता."

"आणि नवरा? तो गेलाच की. ती तुमच्यासोबत राहिली, पण एका बेफिकीर माणसासोबत राहिली. तुम्ही होतात का तसे?"

बाबा ओले पाय पुन्हा पुसू लागले.

"दवाखान्यात शेवटी मला काय म्हणाली माहितीये? यांच्यावर काही सोपवू नकोस, म्हणाली. तुम्ही शेजारी उभे होतात. औषधाची चिठ्ठी तुमच्या हातातून काढून माझ्या हातात दिली तिने. तेव्हा तरी सांगायचंत!"

"तिला त्रास झाला असता."

"आणि मी? मी काय काय बोलले तुम्हाला? माझ्या तोंडून ते येऊ दिलंत तुम्ही. मला माहीत असतं तर मी तशी वागले असते का?"

बाबांनी माझ्याकडे अगदी मायेने बघितलं. "तुझं बोलणं मला कधी लागलं नाही गं," ते म्हणाले. "तिचंही नाही. खरं काय ते मला माहीत होतं ना."

माझी समजूत घालायलाच म्हणाले ते. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस इतकी वर्षं आमच्यात बसून मनातल्या मनात निर्दोष होता. आम्ही दोघी त्यांच्यावर चिडत होतो, त्यांच्यापासून घर वाचवत होतो, आणि ते त्या विमानाखाली उभे असल्यासारखे ताठ मानेने आमच्याकडे बघत होते. त्यांच्या मोठेपणात आम्हाला वाटा नव्हता. आमच्या वाट्याला फक्त संशय आला, आणि आई तो घेऊनच गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावला. रडूसुद्धा धड येईना, इतका संताप झाला होता. जरा वेळाने बाहेरून हाक आली, "अगं, मामा पोचला का ते फोन करून विचार ना. एकटा गेलाय रिक्षाने."

"तुम्हीच करा," मी म्हणाले. "माझा तो आता कुणी नाही."

मग त्यांनी नंबर लावला. "पोचलास का रे नीट?" त्यांनी विचारलं. "जेवलास का? गोळी घेतलीस?" फार हळुवार आवाज होता. त्या आवाजात त्यांना आईशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.