थर्ड बेसचा कोच

लग्न झालं त्या वर्षी मी सोनपेठच्या आमच्या गोठ्यात, हाताला ओलं पीठ तसंच ठेवून, दोन म्हशींच्या मधे कितीतरी वेळ उभी होते… कारण माझ्या नवऱ्याला डास चावला होता.

सांगते. आमचे हे शाळेत पीटीचे सर. पोरापोरींना सॉफ्टबॉल शिकवायचे. त्या खेळात कोच थर्ड बेसपाशी, म्हणजे धाव पुरी व्हायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यापाशी, उभा राहून पळणाऱ्या गड्याला खुणा करतो – कान धरला तर ‘थांब’, मनगटापासून कोपरापर्यंत हात पुसला तर ‘ये’. घरात सासू-सासरे, दीर, थोरली नणंद… सगळ्यांदेखत नवराबायकोनं बोलायची सोय नव्हती. मग ह्यांनी त्याच खुणा मला शिकवल्या. ‘ये’ म्हणजे मागच्या दारी, गोठ्याकडं. पण त्यात खरी गोम अशी, की कोच आधी टोपीला हात लावतो (टोपी नसली तर कपाळाला) आणि त्यानंतर जी पहिली खूण येईल तेवढीच खरी. बाकीच्या सगळ्या समोरच्या टीमला फसवायला. ही गोम मी विसरले. ह्यांनी डास मारला, हात पुसला, आणि मी भाकरी तव्यावर टाकून पळाले. तिकडं हे ओसरीवर बसून मामंजींना पेपर वाचून दाखवायलेत. शेवटी सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, “म्हशीला काय इचारायलीस?” अशी मी अक्कलवान.

तर भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता. गावात कुणाला चिंचेखाली काही दिसलं की मी पहिलं विचारायचे – चष्मा लावला होता का? म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढं जे लिहिलंय त्या वेळी चष्मा माझ्या नाकावर होता, आणि पुसलेला होता.

ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमची नात ऋतुजा सुट्टीला आली ती टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊनच. त्यात बेसबॉल. सॉफ्टबॉलचा थोरला चुलतभाऊ म्हणा. तिनं तो आबांसाठीच आणला होता. आणि आमचे हे गेम खेळायच्या ऐवजी त्याची परीक्षा घ्यायला बसले. सगळा जन्म पोरांना मार्क दिलेला माणूस, दुसरं काय करणार…

आधी चांगलं सांगते. बॅटचा आवाज. चेंडू बरोबर मधोमध लागला की वाळलेलं बाभळीचं लाकूड फोडावं तसा कोरडा, भरलेला आवाज येतो, आणि हातातल्या कंट्रोलरला बारीक झिणझिणी येते. पहिल्यांदा ऐकून हे डोळे मिटून बसले. “हाच,” म्हणाले, “अगदी हाच.” दुसरं म्हणजे ऊन. सामना पुढं सरकतो तशी मैदानावर सावली सरकत येते, आणि चेंडू उन्हातून सावलीत आला की क्षणभर दिसेनासा होतो. “हे ज्यानं केलंय,” हे म्हणाले, “तो माणूस उन्हात उभा राहिलेला हाय.” आणि तिसरं चांगलं माझ्यासारख्यांसाठी – सगळ्यात सोप्या लेव्हलवर गेम म्हातारीला सांभाळून घेतो. सुनेसारखा. वरवर.

आता वाईट. दोन कॉमेंट्रीवाले इंग्रजीत तेच तेच वाक्य बोलतात. प्रेक्षकांत निळ्या शर्टाचा एकच माणूस जिकडंतिकडं बसलेला. “तिळे दिसतेत,” हे म्हणाले. फिल्डरच्या पायाजवळून चेंडू जातो आणि तो लग्नातल्या व्याह्यासारखा नुसता बघत राहतो. अंपायर तर कधी चुकतच नाही. त्यावर ह्यांनी मोठाच आक्षेप घेतला – “मग भांडायचं कुणाशी?”

पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे थर्ड बेसचा कोच. आपला गडी तिथं पोचला की गेम त्याला जवळून दाखवतो. गडी पँट झटकतो, शेजारी कोच टाळ्या वाजवतो. बस. ना खूण, ना काही.

“ह्याला पगार कशाचा देतेत?” ह्यांनी विचारलं.

“आबा, तो शोभेला असतो,” ऋतुजा म्हणाली.

त्या दिवशी ह्यांनी चहा निम्मा ठेवला. मी हसले होते तेव्हा. आयुष्यभर मी ह्यांना हेच म्हणायचे, की तुम्ही नुसते बाजूला उभे, पळतात ती पोरं.

दिवाळीनंतर ह्यांना परभणीला दवाखान्यात हलवलं. आयसीयू, तोंडावर मास्क. आत सोडत नव्हते, काचेच्या दारातून बघायचं. दुपारी ह्यांची नजर माझ्यावर आली आणि हात उचलला… नेमकी त्याच वेळी सिस्टर सलाईन बघायला मधे आली. तिच्या पाठीआडून मला दिसलं ते एवढंच – कान धरला, मग हात पुसला. कपाळाला हात कधी लावला ते दिसलंच नाही. कानाच्या आधी लावला असेल तर ‘थांब’. कान धरून झाल्यावर लावला असेल तर ‘ये’. सिस्टर बाजूला झाली तोवर हात गादीवर पडला होता. मी दारातच थांबले. संध्याकाळी हे गेले.

लोकांना वाटतं म्हातारीला एकटेपणा खातो. एकटेपणाचं काही नाही, त्याला टीव्ही असतो, शेजारीण असते. मला खात होता तो हात. माणसानं शेवटचं बोलावलं, आणि डासासाठी गोठ्यात जाऊन उभी राहणारी बाई चार पावलं आत गेली नाही – असं झालं असेल तर? कुणाला विचारायचं? ज्याला ठाऊक तोच नाही.

ऋतुजा पुढं कॉलेजला हॉस्टेलवर गेली, गेम माझ्याकडं ठेवून. भांडी आवरली की मी तो लावायचे. जिंकायला नाही, हरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. त्या बॅटच्या आवाजासाठी. तेवढ्यापुरतं वाटायचं, मागं खुर्चीत कुणीतरी डोळे मिटून बसलंय आणि म्हणतंय – हाच.

तो बाजाराचा दिवस. दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मेथी निवडून ठेवली, चष्मा पुसला, गेम लावला. माझा एक गडी चुकून थर्ड बेसला पोचला – तो व्याही चेंडूकडं बघत राहिला म्हणून. गेमनं नेहमीसारखं जवळून दाखवलं. गड्यानं पँट झटकली.

कोचनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यानं टोपीला हात लावला. दोन बोटांनी, सावकाश. मग कान धरला. मग हात पुसला, मनगटापासून कोपरापर्यंत… आणि पुसताना त्याचा अंगठा बाजूला ताठ होता. आमच्या ह्यांचा अंगठा तरुणपणी चेंडू लागून मोडलेला, नंतर कधी नीट मिटलाच नाही.

टोपी, कान, हात. टोपीनंतर पहिला कान.

थांब.

मग तो शोभेचा कोच होऊन टाळ्या वाजवायला लागला. पिचर चेंडू टाकत राहिला, मी बटण दाबलंच नाही, बॅटवाला आऊट झाला.

पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरला. बोलावलं नव्हतं मला. दारात थांबले ते बरोबर होतं… आणि मग, खरं सांगू? राग आला. एवढ्या लांबून यायचं, आणि सांगायचं काय, तर थांब. मला ‘ये’ हवं होतं. ‘ये’ म्हणाले असते तर मी गॅस बंद करायलासुद्धा थांबले नसते.

त्यानंतर किती वेळा गडी थर्ड बेसला नेला. टाळ्या. नुसत्या टाळ्या. ऋतुजा सुट्टीला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं दिवसभर बसून गेम तपासला, मैत्रिणींना फोन लावले, आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. “आजी, कोचला टाळ्यांशिवाय दुसरी हालचालच दिलेली नाही गं. आणि अपडेट यायला तुझ्याकडं नेट कुठंय?” डॉक्टर म्हणतात बीपीच्या गोळीनं डुलकी लागली असेल. असेल. पण डुलकीत माणसाला हवं ते दिसतं, आणि मी मागितलं होतं ते तर दिसलं नाही. याच्यापुढं माझं डोकं चालत नाही. कुणाचं चालत असेल तर कळवा.

शेवटी एसटी धरून ताडकळसला आक्काकडं गेले. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांची सख्खी बहीण. अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन बसली होती. तिला गेम म्हणजे काय ते कळलं नाही, कंट्रोलर म्हणजे रिमोट असं समजून तिनं ते सोडून दिलं. पण दवाखान्यातलं आणि कोचचं सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलणारे हात मधे एकदा थांबले, तेवढंच. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली –

“थांब म्हणला न्हवं? मंग थांब की. जित्ता व्हता तवा कधी आईकलंस का त्याचं, आता तरी आईक. आन् आज जाऊ नको, एवढ्या शेंगा मी एकटी कवा सोलू?”