जोतं पास झालं नाही

ओव्हरसियरनं चहा प्यायला नाही. कपबशी हातात घेतली, नाक मुरडलं आणि सगळा चहा माझ्या नव्या जोत्यावर ओतला.

"घे, तुझ्या सिमिटाला पाणी मारून दिलं."

जीपमधले दोघं खदाखदा हसले. मीही हसले. हो, मीच. पदर तोंडाला लावून, लाजूनबिजून. एवढा साहेब आपल्याशी मस्करी करतोय म्हणून फुशारले होते, येडी. ती कपबशी कॉलनीतल्या मास्तरीणबाईंकडून मागून आणलेली. आम्ही बौद्ध, आमच्या भांड्यातलं साहेब पिणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण चहाही आमच्याच हातचा, तोही चालणार नाही, हे नव्हतं ठाऊक. बाई म्हणाल्या होत्या, "परत आणू नकोस." मला वाटलं, बक्षीस दिली! डोकं नव्हतंच माझ्याकडे, नुसता अंबाडा होता.

धुळ्याहून जळगावकडे निघालं की वाटेत आमचं गाव. ऐंशीनंतरची ती वर्षं. नगरपालिकेनं गरिबांच्या घरांसाठी फंड काढला होता. प्लॉट पालिकेचा, कर्ज फंडाचं. पण आधी पाया खणून जोतं आपल्या पदरच्या पैशानं बांधायचं. ओव्हरसियरनं ते पास केलं की मग पहिला हप्ता. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं आधी बांधून दाखवायचं. मी जिनिंगमध्ये कापूस उपसायचे, नवरा मार्केटात हमाल. शेळ्या विकल्या. दगड आम्हीच फोडला, आम्हीच वाहिला. प्लॉट माझ्या नावावर निघाला, तोही रस्त्याला लागून, कॉलनीच्या समोर.

तेच कॉलनीवाल्यांना खुपत होतं.

ओव्हरसियर बुटासकट जोत्यावर चढला. शिपायाला म्हणाला, "हाण रे कोपऱ्यावर."

शिपायानं पहार घातली. पुन्हा घातली. कोपऱ्याचा दगड निखळून पडला.

"बघ. कच्चं काम. नापास."

पहारीनं तर तुमचं हापिसबी पडंल, असं आज तोंडावर म्हटलं असतं. तेव्हा काय म्हणाले? हात जोडून, "साहेब, माझं काय चुकलं?"

"रोडावर घर पाहिजे तुला? लोकांनी रोज सकाळी उठून तुमची तोंडं बघायची का? मागं नाल्याकडचा प्लॉट घे. इथं सही कर, हप्ता उद्याच पास करतो."

सासू कानाशी लागली. "करी दे माय सही. नालाकडे तर नालाकडे. डोकावर छप्पर तर व्हई."

मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, घेतलं.

तेवढ्यात त्यानं शिपायाला मान हलवून खूण केली आणि पहार पुन्हा पडली. उंबरा बसणार होता तिथंच. माझी सही अजून व्हायची होती. तेवढंही थांबायची त्याला गरज वाटली नाही. मी सही करणारच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. मला नुसतं बघूनच.

मी पेन फेकलं. शिपायाच्या हातातली पहार हिसकून घेतली.

"हाई जोतं मन्हं शे! आते हात लाव, तोडी टाकसू!"

जीपची काच फुटली. मग दिवे. मग बॉनेटवर घातली, दोन्ही हातांनी. साहेब कॉलनीकडे पळाला. त्याचा एक बूट पडला, तो घ्यायलाही मागं वळला नाही.

चौकीत हवालदारानं केस धरून माझं तोंड भिंतीवर आपटलं. रक्त गिळलं, पण साहेबाची माफी मागितली नाही. समोरचा दात तिथंच राहिला. नातवंडांना वाटतं, आजीचा दात म्हातारपणानं पडला. वाटू दे.

सुटले तेव्हा नवरा बाहेर उभा होता. ओव्हरसियरचा निरोप आणला होता त्यानं. नाल्याकडच्या प्लॉटवर सही दे, जीपची केस मागं घेतो, हप्ताही देतो.

"काय करशी?" नवऱ्यानं खाली बघत विचारलं.

"जाय, सांग त्याले. सही नही."

हप्ता आला नाही. कधीच आला नाही. केस मात्र वर्षानुवर्षं चालली. फुटलेलं जोतं आम्ही मातीनं सांधलं, भिंतीही मातीच्याच उभ्या केल्या आणि दार काढलं ते रस्त्याकडे, कॉलनीच्या थेट डोळ्यांत. पास करायला कुणाला बोलावलं नाही. मग पालिकेची माणसं आली, बांधकाम बेकायदा आहे म्हणाली. अजून येतात. मी त्यांना एकच सांगते: ज्याला पाडायचं त्यानं मी आत असताना पाडावं. मी बाहेर निघणार नाही.