डबलबेल मावशी आणि भुऱ्याचे दात

डबलबेल मावशी कुठलीच गोष्ट एकदा बोलत नसे. "ये ये, बस बस, चहा घे घे," असं तिचं सगळं जोडीनं यायचं, आणि तेही अशा आवाजात की शेजारच्या बायका काय झालं म्हणून दारात येत. एसटीत कंडक्टर होती ती. सगळी नोकरी अर्जुनी मोरगाव ते गोंदिया या रस्त्यावर काढलेली. गाडी सोडायची तर घंटी दोनदा वाजवायची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मनापासून आवडायचं. नवरा वारलेला, मुलगा रायपूरला. निवृत्तीनंतर ती आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची, पण ते घर कधी शांत म्हणून नसायचं.

त्या हिवाळ्यात मी नवेगाव बांधहून एक पिल्लू आणलं. तलावाकाठी मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपल्याजवळ ते कुडकुडत बसलं होतं. मी ओढणीत गुंडाळून बसमधून घरी आणलं. रंगावरून भुऱ्या नाव पडलं. मावशीनं आम्हाला पाहिलं आणि ती चपला न घालताच रस्ता ओलांडून धावत आली. "दे दे, माह्याजवळ दे!" तिनं त्याला छातीशी धरलं, तोच त्यानं तिचा अंगठा दातांत पकडला. ती किंचाळली, मग हसली, मग पुन्हा किंचाळली. "दात हायेत का सुया हायेत बाप्पा!"

खरोखर सुयाच होत्या. आईच्या साडीचे काठ, माझ्या ओढण्या, बाबांच्या पायाची बोटं, काही सुटलं नाही. त्यात ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. एका सकाळी भुऱ्या तिच्या गाऊनला लोंबकळला आणि तिचा तोल गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ती वाचली. बाबांनी तिथेच सांगून टाकलं, "बाळ घरात यायच्या आत हा कामठ्याला काकाच्या शेतावर गेला पाहिजे."

मी रडत मावशीकडे गेले. ती तशीच उठून बाबांसमोर येऊन उभी राहिली. "कायले पाठवता त्याले? लेकरू हाय ते. बाळ येतवरी मी शिकवीन त्याले."

"बाई, तुम्ही कधी कुत्रं पाळलं काय?"

"नाही. पण बाजाराच्या दिवशीची गाडी सांभाळली हाय."

बाबांना हसू आलं, आणि तिथेच आम्हाला मुदत मिळाली.

सुरुवात मात्र साफ फसली. भुऱ्या चावला की मावशी त्याच्या नाकावर टिचकी मारायची. त्याला वाटायचं, खेळ रंगात आला! तो आणखी उसळून चावायचा. मग आम्ही दोघी मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसलो. एकदा पशुवैद्यकीय दवाखान्यात लस द्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनाही विचारलं. मावशीनं आपली चूक लगेच कबूल केली. "आपण त्याले मारून खेळवूनच राहिलो ना पोरी. चाल चाल, पहिल्यापासून सुरू करू."

पुढचे दिवस आमच्या अंगणात नाटकच चालायचं. भुऱ्यानं दात लावले रे लावले, की मावशी "आई गंऽऽ" अशी आरोळी ठोकायची. मग हात न हिसकता सैल सोडायची, पाठ फिरवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. खेळ बंद. भुऱ्या गोंधळून तिच्याभोवती फिरायचा. तो शांत झाला की ती वळायची आणि जुन्या टॉवेलची गाठ मारलेली दोरी त्याच्या तोंडात द्यायची. "हे चाव. हे तुह्यं हाय. हात माहा हाय."

एवढं करूनही तो बाबांच्या पायाला सोडीना. मावशी एक दिवस पाळत ठेवून बसली आणि चोर पकडला. बाबाच लुंगीखालून अंगठा हलवून त्याला खेळवत होते! "भाऊजी, तुम्हीच त्याले चावाले शिकवून राहिले!" ती कडाडली. बाबा शाळकरी पोरासारखे पाय पोटाशी घेऊन बसले. त्या दिवसापासून भुऱ्या जवळ आला की तेही "आई गं" ओरडायला लागले. आई आतून म्हणायची, "आता तुमच्या भाऊजीलेच शिकवा!"

ताई दवाखान्यातून आली त्या दुपारी गल्ली दारात जमली होती. भुऱ्याला मी साखळीनं धरलं होतं, तरी तो आनंदानं वेडापिसा झाला होता. बाळ ताईच्या कुशीत होतं. बाबा रिक्षातून पिशव्या उतरवत मागे सरकले आणि भुऱ्यानं उडी मारून त्यांचा हातच तोंडात धरला. बाबा ओरडायचं विसरले. मावशीनं माझा दंड घट्ट पकडला. भुऱ्यानं क्षणभर हात तसाच ठेवला, मग जबडा सैल केला, आणि ती बोटं चाटायला लागला. बाबांनी हात उलटसुलट करून पाहिला. दातांची खूणसुद्धा नव्हती. "राहू दे याले," ते म्हणाले. "पण बाळाजवळ एकटा सोडायचा नाही." मावशीनं तिथेच फुगडी घालायला आईला ओढलं!

पुढच्या वर्षी मावशीचा मुलगा तिला रायपूरला न्यायला आला. सामान गाडीत चढत असताना ती भुऱ्याच्या कानामागे खाजवत बसली होती. पहिल्यांदाच मी तिला हळू बोलताना ऐकलं. "लहानपणापासून मले कुत्रं पायजे होतं पोरी. पण ड्युटीवरून कधी येईन, कधी नाही, त्याले कोणाच्या भरवशावर ठेवू? म्हणून नाहीच आणलं." भुऱ्यानं तिची बोटं तोंडात धरली, अगदी अलगद. तिनं ती बराच वेळ काढली नाहीत.

परवा रायपूरहून तिचा फोन आला. मला काही बोलूच देईना. सुनेनं वाढदिवसाला पिल्लू आणलंय, पांढरं आहे, कानावर काळा ठिपका आहे, सोफा फाडला, सुनेची चप्पल खाल्ली, नातवाची वही खाल्ली. "आन मले लय चावून राहिला!" हे तिनं अशा थाटात सांगितलं की जणू बक्षीस मिळालं होतं. एवढ्यात धडपड झाली, ती ओरडली, आणि तिचा आवाज लांब गेला. पिल्लानं फोनच पळवला होता. मी फोन ठेवला नाही. त्याचं गुरगुरणं आणि त्याच्यामागे घरभर पळत सुटलेल्या मावशीचं हसणं ऐकत बसले.