धार चालू असताना

बाळंतपणाला मी खोडदला माहेरी आले होते. छाती दगडासारखी भरलेली, पण दूध उतरेना. बाळाचं वजन घटत होतं, लंगोट कोरडे राहत होते, वरचं दूध पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळपर्यंत बाळ अंगावर प्यायलं नाही तर नारायणगावला दाखल करून सलाईन लावायचं.

आणि खोलीत ही गर्दी! आत्या, चुलत्या, शेजारच्या बाया. कुणी बाळाचं तोंड माझ्या छातीवर दाबून धरतंय, कुणी अळिवाची खीर पुढं करतंय.

"लई शिकली, पर आंगावर थेंब न्हाई," आत्या म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

शिकले होते ते नेमकं हेच. लग्नाआधी पुण्यात एका प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायचे. कॅल्शियम आत शिरलं की पेशी उजळायची आणि हार्मोनच्या बारीक पिशव्या कडेला जाऊन फुटायच्या. बाळ ओढतं, तो निरोप मेंदूत पोचतो, तिथल्या पेशींत कॅल्शियम शिरतं, हार्मोन रक्तात सुटतं आणि पान्हा फुटतो. पण माणूस घाबरलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही तेच कॅल्शियम शिरतं, आणि तिथून सुटणारं हार्मोन पान्हा अडवतं. सगळं पाठ होतं, आणि मी नुसती भीत होते.

तेवढ्यात गोठ्यातून वडील ओरडले, "कोन हाय तिकडं? म्हैस बिचकती, व्हा भायेर!"

धार काढताना आमच्या गोठ्यात परकं माणूस येत नाही, कुणी बोलतही नाही. नाहीतर म्हैस पान्हा चोरते. म्हशीला एवढं जपणारं घर, आणि माझ्याभोवती ही जत्रा! मी बाळ उचललं.

"आगं, बाळंतीण गोठ्यात जाती व्हय?"

"जाते!" मी आत्याहून मोठ्यानं ओरडले.

वडील म्हशीखाली बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. मी कडब्याला टेकून बसले. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज, बाकी काही नाही. रडून दमलेल्या बाळानं दोनदा सोडलं, मग धरलं. छातीत कळ आली, आणि त्याच्या घशातून घुटक्यांचा आवाज येऊ लागला. मला रडू फुटलं. बाळ हलू नये म्हणून मी ओठ दाबून रडले.

दाराशी आत्या आली. "झालं का न्हाई?"

"धार चाललीय," वडील म्हणाले. "आत कुनी यायचं न्हाई."

मी मान वळवली. बादली कधीच भरून बाजूला ठेवलेली होती, वरचा फेसही बसला होता. वडील रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून, माझ्याकडे पाठ करून, तसेच बसून होते.