उस्मानचा पाना

“तोंडात जाऊ देऊ नका, साहेब,” उस्मान म्हणाला आणि त्यानं ओठ गच्च मिटून घेतले.

मी त्याचं डोकं मांडीवर धरून माठातलं पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतत होतो. नुकतीच ट्रेलरची बॅटरी फुटली होती आणि आतलं अ‍ॅसिड त्याच्या तोंडावर उडालं होतं. अशा वेळी पाणी हाच उपाय. भरपूर, न थांबता, दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत. चार थेंब माझ्या पँटवर सांडले तर तिला भोकं पडली, त्यावरून त्याच्या डोळ्यांचं काय होत असेल ते ओळखा. गडी विव्हळत होता, पण ओघळ ओठांशी आला की विव्हळणंसुद्धा गिळत होता. रमजान चालू होता. भर उन्हाळ्यातले रोजे, आणि दुपारची वेळ.

उस्मान आमच्या वर्कशॉपचा मेकॅनिक. चिंचवड गावठाणातला. त्याच्या वडिलांचं, करीमचाचांचं, स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी इलेक्ट्रिक खात्याचा फोरमन, बापट. एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने तेव्हा नुकते कुठे उभे राहत होते, त्यांच्या पलीकडे सगळी ज्वारी. आमची कंपनी गाड्यांच्या बॉड्या बांधायची. जमिनीची मोजणी करणाऱ्या इंजिनियर मंडळींसाठी आम्ही एक ट्रेलर बांधला होता. ट्रेलर म्हणजे जीपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत दोन बाकं, स्टोव्ह, दिवे. चाकण, चऱ्होलीच्या शिवारात जाऊन ही मंडळी त्यातच मुक्काम करायची. दिव्यांसाठी बॅटऱ्या होत्या. त्या मागच्या बाजूला, सामान ठेवायच्या पत्र्याच्या खणात बसवलेल्या. जीप चालली की तिच्या डायनॅमोवर त्या चार्ज व्हायच्या.

आता हे समजून घ्या. शिसं आणि अ‍ॅसिडची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. हवेपेक्षा फार हलका, म्हणून सरळ वर जातो आणि छताखाली साठून बसतो. मोकळ्यावर त्याचा काही त्रास नाही. बंद खणात मात्र एक ठिणगी पुरते. म्हणून खणाला खाली भोकं हवीत, बाहेरची हवा आत यायला, आणि वर हवीत, अगदी छताला लागून, वायू निघून जायला. वरची जास्त महत्त्वाची. मी तशी पाडून घेतली होती, जाळी लावून.

मोघेसाहेब आमचे मॅनेजर. हुशार माणूस, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. इंजिनियर मंडळींनी तक्रार केली की वरच्या जाळीतून धूळ येते आणि खणातली अंथरुणं मातीनं भरतात. मी नेमका रजेवर. साहेबांनी वरच्या जाळ्यांवर पत्रा ठोकून घेतला आणि ट्रेलर चाकणला पाठवून दिला. मी परत आलो तेव्हा हे कळलं. तडक केबिनमध्ये गेलो.

“अहो, खालची ठेवलीत ना,” साहेब म्हणाले. “बॅटरीचा वास घशात बसतो बघा. म्हणजे तो जड असणार. जाईल खालून.”

“साहेब, वास येतो तो अ‍ॅसिडच्या तुषारांचा. हायड्रोजनला वास नसतो, आणि तो खाली जातच नाही.”

“बरं बापट, ट्रेलर परत आला की बघू.”

ट्रेलर परत आला तो या अपघाताच्याच दिवशी. चाकणहून उन्हातान्हात धावत आल्यामुळे बॅटऱ्या चांगल्या तापलेल्या, आणि वाटभर चार्ज होत आलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, दिवे मिचमिचतात. म्हणजे कुठेतरी तार ढिली. उस्माननं पाना उचलला आणि कोणाला न विचारता कामाला लागला. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. धडाम आवाज झाला, वळून पाहिलं तर खणाचं दार लोंबत होतं आणि उस्मान जमिनीवर.

त्याला गाडीत घालून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मोघेसाहेब तोवर येऊन पोचले होते. जमलेल्यांतलं कोणीतरी म्हणालं की उचलताना त्याच्या खिशात बिडीचं बंडल आणि काडेपेटी दिसली.

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “बॅटरीपुढे बिडी पेटवली. आणखी काय होणार?”

“त्याचा रोजा आहे, साहेब.”

“रोजा असणारा खिशात बिड्या घेऊन हिंडतो का?”

हिंडतो. उस्मान दिवसाला बंडल संपवणारा माणूस होता. सूर्य मावळला, खजूर तोंडात टाकला, की पहिली बिडी तो कंपनीच्या फाटकाबाहेरच पेटवायचा. पण साहेबांचं ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या चिंचवडात पसरलं की रमजानात चोरून बिडी ओढली म्हणून उस्मानला देवानं शिक्षा केली. लोकांना काय, बोलायला विषय पाहिजे असतो.

पुढच्या सुट्टीला मी दवाखान्यात गेलो. उस्मानच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पायथ्याशी स्टुलावर करीमचाचा बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“कोण हाय?” उस्माननं विचारलं.

“मी बापट.”

“साहेब, आमच्या अब्बांना कळलं न्हाई का अजून? आई आली, माझे पाय धरून रडली, गेली. अब्बा एकदापण आले न्हाईत.”

करीमचाचा तिथेच, त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते जमिनीकडे बघत राहिले. असा राग आला मला त्या म्हाताऱ्याचा, आणि तेवढीच दया आली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना धरलं. “चाचा, हे काय चालवलंय?”

“रोज येतो, फोरमनसाब. बसतो. त्याच्याशी बोलायला जीभ उचलत न्हाई.” त्यांनी खिशातून बिडीचं बंडल काढून दाखवलं. कपड्यांबरोबर दवाखान्यानं त्यांच्याच हातात दिलं होतं. “रोजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला होता, यंदा एक रोजा सोडणार न्हाई. डोळे जातील न्हाईतर राहतील, ती अल्लाची मर्जी. पण पोरगं माझ्याशी खोटं बोललं.”

मी त्यांना मिटलेल्या ओठांची हकिगत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पण नकारार्थी मान हलवली.

“तुमी चांगले हाय, म्हणून सांगताय. बापाला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटायला नको, साब. मला खरं काय ते पाहिजे.”

एवढं ऐकल्यावर मी गप्प कसा बसणार? परत येऊन थेट ट्रेलरपाशी गेलो. बिडी-काडेपेटीवर सगळे अडकले होते, पण उस्मानच्या हातातला पाना कुठे गेला हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. मी शेडमागचं गवत तुडवून काढलं. स्फोटानं उडालेला पाना कुंपणाच्या तारेपाशी सापडला. त्याच्या एका टोकाला लोखंड वितळून खाच पडली होती, उंदरानं कुरतडावं तशी. मग खणात डोकं घातलं. बॅटरीच्या वरच्या बोल्टवर वितळल्याची खूण, आणि बाजूच्या पत्र्यावर जोडीला दुसरी. पाना त्या दोन खुणांवर धरला तर बरोबर बसला.

साहेबांना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल.

“हे बघा. बोल्ट आवळताना पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, आणि बॅटरीची दुसरी तार त्याच पत्र्याला जोडलेली. बॅटरीचा सगळा करंट पान्यातून गेला. ठिणगी ही. बिडीची नाही. एका हातात पाना, दुसऱ्या हातानं तार धरलेली. बिडीला तिसरा हात कुठून आणणार होता तो?”

साहेब खणात वाकून बराच वेळ बघत होते.

“पण पाना तर रोज कुठे ना कुठे लागतो, बापट. ठिणगी उडते, माणूस दचकतो, शिवी हासडतो.”

“हो. कारण रोज वर गॅस साठलेला नसतो.”

त्यांनी वर पाहिलं. त्यांचाच पत्रा, चांगला घट्ट ठोकलेला. एकदम खाली बसले, ट्रेलरच्या चाकाला टेकून. “म्हणजे मी केलं हे,” म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. नाही कशाला म्हणू?

एक मात्र त्यांचं मानलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना त्यांनी सगळ्या माणसांना फाटकाशी उभं केलं आणि मोठ्यानं सांगितलं, “उस्माननं बिडी ओढली नव्हती. वरच्या जाळ्या माझ्या हुकमानं बंद झाल्या होत्या.” पत्रे त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावले. मी त्यातून एवढंच शिकलो की अपघात झाला की आधी हत्यार शोधावं. माणसाचे खिसे मागाहून.

तिथून मी पाना घेऊन करीमचाचांच्या दुकानात गेलो. त्यांचं आयुष्य लोखंडात गेलेलं, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. मग पाना कपाळाला लावला आणि ढसाढसा रडायला लागले. दुकानासमोर लोक थांबले, तरी त्यांना भान नव्हतं. “पाणी तोंडात जाऊ दिलं न्हाई माझ्या पोरानं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुकान उघडं टाकून आम्ही पुण्याला निघालो. डॉक्टर दारातच भेटले. पट्ट्या काढून पाहिलं होतं, दोन्ही डोळ्यांत आता उजेड येणार नव्हता. करीमचाचांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. आत जाऊन आज ते पायथ्याच्या स्टुलावर बसले नाहीत, उशाशी बसले, आणि त्यांनी हाक मारली, “उस्मान.”

उस्मान धडपडत उठायला लागला. हात हवेत चाचपडत होते. “अब्बा? आत्ता आलात व्हय? किती वाट बघितली मी.”

चाचांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“व्हय, बेटा,” ते म्हणाले. “आत्ताच आलो. दुकान सोडून निघणं होईना.”